दारुमाचा दुसरा डोळा: जपानी शुभवस्तू घ्यायची, वापरायची आणि परत करायची रीत

जपानहून परतणाऱ्या माणसाच्या बॅगेत तीन गोष्टी हमखास सापडतात: लाल गोलमटोल दारुमा बाहुली, पंजा उचललेली मांजर आणि जरीच्या कापडाची बोटभर पिशवी. मग त्या शोकेसमध्ये जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षे तिथेच राहतात. जपानी रीतीने पाहिले तर चूक होते ती इथेच. तिकडे शुभवस्तू ही कायमची मालमत्ता नसते. ती नवसासारखी असते. बोलायची, सांभाळायची आणि फेडायची. मुदत बहुतेक वेळा एक वर्षाची असते. घेणे सगळ्यांना जमते, वापरणे अर्ध्यांना, फेडणे मात्र परदेशी पाहुण्यांच्या सहसा गावीही नसते. म्हणून इथे प्रत्येक वस्तूबरोबर तिचा शेवटही सांगितला आहे.

आधी देऊळ कोणते ते ओळखा

शिंतो देवस्थान म्हणजे जिंजा आणि बौद्ध मंदिर म्हणजे ओतेरा. बाहेर दोन खांबांची, वर आडव्या तुळया असलेली कमान (तोरी) दिसली तर बहुधा जिंजा. छपराचा भव्य दरवाजा, आत धूपपात्र आणि बुद्धमूर्ती असली तर ओतेरा. हा फरक महत्त्वाचा, कारण जिंजात टाळ्या वाजवतात आणि ओतेरात वाजवत नाहीत. ओतेरात नुसते हात जोडायचे, आपल्याकडे जोडतो तसेच. पर्यटकांच्या टाळ्या सर्वांत जास्त ऐकू येतात त्या नेमक्या ओतेरात.

जिंजात शिरताना तोरीपाशी थोडे वाका आणि वाटेच्या कडेने चाला, मधला भाग देवाचा मानतात. पुढे पाण्याचे टाके आणि लांब दांड्याची पळी असते. उजव्या हाताने पळी एकदाच भरा आणि तेवढ्या पाण्यात सगळे उरका. आधी डावा हात, मग पळी डाव्या हातात घेऊन उजवा. पुन्हा उजव्या हातात घेऊन डाव्या ओंजळीत थोडे पाणी घ्या, चूळ भरा आणि डावा हात परत धुवा. उरलेल्या पाण्यासकट पळी उभी धरली की दांडा आपोआप धुतला जातो. पळीला तोंड लावायचे नाही, आणि चूळ टाक्यात नव्हे, खालच्या चरात टाकायची. करोनानंतर कित्येक ठिकाणी पळ्या काढून वाहती नळी बसवली आहे. तिथे नुसते हात धुतले तरी चालते.

दानपेटीपुढे नाणे टाका, घंटा असेल तर वाजवा, दोनदा खोल वाका, दोन टाळ्या वाजवा, मागणे मागा आणि एकदा वाका. इझुमो ताइशा या प्रसिद्ध देवस्थानात टाळ्या दोन नव्हे, चार. नाणे बहुधा ५ येनचे टाकतात, कारण 'पाच येन' आणि 'नातेसंबंध, ऋणानुबंध' या दोन्हींचा उच्चार 'गोएन' असाच होतो. या पितळी नाण्याला मध्ये भोक असते, पण त्यावर इंग्रजी आकडा नसतो. त्यामुळे नवख्या माणसाला ते ओळखू येत नाही. भोकाचे चंदेरी नाणे ५० येनचे, सोनेरी ५ चे. १० येन काहीजण टाळतात, कारण त्याचा उच्चार 'नाते दुरावले' असाही वाचता येतो. शब्दांवरची ही कोटी जपानी शकुन-अपशकुनांचा निम्मा पाया आहे.

ओमामोरी: उघडू नये असा ताईत

ओमामोरी म्हणजे जरीच्या पिशवीतला ताईत. आत देवाच्या नावाचा कागद किंवा लाकडाची चकती असते. ती पाहायला पिशवी उघडायची नाही. उघडली की ताईताचे बळ गेले अशी समजूत आहे. दोरीची गाठही निरखून पाहा. समोरून ती चौकोनासारखी दिसते आणि मागून अधिकच्या चिन्हासारखी. ही दोन चिन्हे शेजारी ठेवली की 'इच्छा पूर्ण होणे' हे चित्राक्षर तयार होते. म्हणून ती गाठ सोडून दोरी दुसरीकडे बांधू नका. वरच्या फासातून दुसरा धागा ओवा.

ओमामोरी 'विकत घेतली' असे म्हणत नाहीत, ती 'मिळते'. तिच्यासाठी द्यायच्या पैशाला जिंजात 'हात्सुहोर्यो' म्हणतात, म्हणजे पहिल्या लोंबीचा मान. आपल्याकडच्या नवान्नाची कल्पना इथे चटकन आठवते. रक्कम साधारण ५०० ते १००० येनच्या आसपास, काही ठिकाणी त्याहून थोडी जास्त. खिशात रोख असू द्या, कारण बऱ्याच देवस्थानांच्या खिडकीवर कार्ड चालत नाही, आणि ती खिडकी संध्याकाळी ४-५ च्या सुमारास बंद होते.

मागताना हेतू नेमका सांगा, कारण ताईत हेतूनुसार वेगवेगळे असतात: परीक्षा, सुखरूप बाळंतपण, वाहन, व्यापार, लग्न, संकटनिवारण. तोक्योतल्या कांदा म्योजिन या देवस्थानात संगणक आणि माहितीच्या सुरक्षेचाही ताईत मिळतो. अकिहाबाराची इलेक्ट्रॉनिक्सची बाजारपेठ तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे त्याला गिऱ्हाईकही भरपूर. परीक्षेसाठी तेन्जिनच्या देवस्थानात जा. सुगावारा नो मिचिझाने (८४५-९०३) हा विद्वान मंत्री मृत्यूनंतर तेन्जिन या नावाने विद्येचा देव मानला गेला. तोक्योत युशिमा, क्योतोत कितानो आणि क्यूशूत दाझाइफु ही त्याची प्रसिद्ध ठिकाणे.

ताईत ज्या कामाचा, त्या कामाजवळ ठेवा. परीक्षेचा दप्तराला, वाहनाचा गाडीत. पँटच्या मागच्या खिशात ठेवून त्यावर बसू नये. दोन देवस्थानांचे ताईत एकत्र ठेवले तर देव भांडतात, असे पुष्कळ जपानी लोकही सांगतात, पण पुजाऱ्यांना विचारले तर ते सहसा हसून नाही म्हणतात. दोरी आपोआप तुटली तर घाबरायचे कारण नाही. आपल्यावरचे संकट ताईताने झेलले, असा त्याचा अर्थ लावतात.

वर्ष झाले की ताईत जिथून आणला तिथेच परत द्यायचा. आवारात 'जुने ताईत' ठेवायची पेटी किंवा खोली असते, आपल्या निर्माल्य कलशासारखी. काही ठिकाणी ती वर्षभर उघडी असते, तर काही ठिकाणी फक्त वर्षअखेरीस आणि नववर्षाच्या दिवसांत. जमलेल्या वस्तू मंत्र म्हणून जाळतात. १५ जानेवारीच्या सुमारास पेटवली जाणारी 'दोंदोयाकी' ही शेकोटी याच कामासाठी. जिंजाचा ताईत ओतेरात टाकू नका, आणि प्लॅस्टिकचे वेष्टण आधी काढा.

ओमिकुजी: कौल लावायची चिठ्ठी

कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, पाकळी उजवी पडली की डावी ते पाहतात. ओमिकुजी त्याच जातीची, फक्त उत्तर लेखी मिळते. तोक्योतल्या आसाकुसाच्या सेन्सोजी या बौद्ध मंदिरात पैसे पेटीत टाकून धातूचा डबा उलटा धरून हलवतात. बारीक भोकातून आकडा लिहिलेली काडी बाहेर येते. आकडा चिनी अक्षरांत असतो, पण न शिकताही बराचसा वाचता येतो: एक, दोन, तीन म्हणजे तितक्याच आडव्या रेघा आणि दहा म्हणजे अधिकचे चिन्ह. दोन रेघा, अधिक आणि तीन रेघा म्हणजे तेवीस. बाकी आकडे खणांवरच्या खुणांशी जुळवा. त्या आकड्याचा खण उघडा, वरचा एकच कागद घ्या, खण लावा आणि काडी डब्यात परत टाका. हे शेवटचे काम विसरले की पुढच्या माणसाच्या नशिबाची एक शक्यताच कमी होते.

'दाइकिची' सर्वोत्तम, 'क्यो' अशुभ. मधल्या प्रतींचा क्रम प्रत्येक देवळात थोडा वेगळा असतो. सेन्सोजीतल्या १०० चिठ्ठ्यांपैकी ३० अशुभ आहेत, म्हणजे दहातल्या तिघांना 'क्यो' यायचीच. प्रत बघून कागद घडी करणारा माणूस मुख्य भाग सोडून देतो. खाली इच्छा, हरवलेली वस्तू, प्रवास, आजार, लग्न यांवर वेगवेगळी ओळ असते आणि जपानी माणूस आधी तीच वाचतो. 'माचिबितो', म्हणजे 'वाट पाहतो तो माणूस', या ओळीत 'येणार नाही' असे असले तर मन खट्टू करून घेऊ नका. तो शब्द प्रियकर-प्रेयसीपुरता नाही, आयुष्याला वळण देणाऱ्या कोणाही माणसासाठी आहे.

अशुभ चिठ्ठी तिथल्या तारांना किंवा दांडीला बांधून यायची, शुभ असेल ती पाकिटात ठेवायची. झाडाच्या फांदीला बांधू नये, फांदी दुखावते. आणि मनासारखी निघेपर्यंत लागोपाठ चिठ्ठ्या काढणे म्हणजे एकच प्रश्न देवाला पुन्हा पुन्हा विचारणे. गुरवही रागावेल.

दारुमा

दारुमा म्हणजे बोधिधर्म. परंपरेप्रमाणे तो दक्षिण भारतातला, पुढे चीनला गेलेला आणि शाओलिनजवळ भिंतीकडे तोंड करून नऊ वर्षे ध्यानाला बसलेला. बसून बसून हातपाय गळाले म्हणून बाहुलीला हातपाय नाहीत. तळ जड असल्याने ढकलली तरी ती उभी राहते, आणि 'सात वेळा पडणे, आठ वेळा उठणे' ही म्हण तिच्याशीच जोडलेली आहे. देशातल्या सुमारे ८० टक्के दारुमा गुन्मा प्रांतातल्या ताकासाकी शहरात बनतात. तिथल्या दारुमाजी या देवळाचे नाव शोरिनझान, आणि त्यातला 'शोरिन' हा शब्द शाओलिनच्याच अक्षरांत लिहितात. ताकासाकीच्या दारुमाच्या भुवया क्रौंच पक्ष्याच्या आणि दाढीमिशा कासवाच्या आकाराच्या असतात, दोन्ही दीर्घायुष्याची चिन्हे.

डोळे रंगवण्याची रीत अशी:

१. घेताना दोन्ही डोळे कोरे आहेत ना, पाहा. सेंदाईची मात्सुकावा दारुमा निळ्या रंगाची झालर असलेली आणि दोन्ही डोळे आधीच रंगवलेली असते. ती बिघडलेली नाही, तिची रीतच वेगळी.

२. एकच इच्छा ठरवा आणि तिला मुदत द्या. 'सगळे चांगले होऊ दे' हे चालत नाही, 'डिसेंबरच्या जपानी भाषेच्या परीक्षेत एन-३ पातळी पास' हे चालते. हवी तर ती अंगावर किंवा पाठीवर लिहा.

३. दारुमाचा डावा डोळा आधी रंगवा, म्हणजे समोरून पाहणाऱ्याच्या उजव्या हाताचा. सर्वांत जास्त घोळ इथे होतो. काही भागांत क्रम उलटा आहे, म्हणून विकणाऱ्याला विचारून घेतलेले बरे.

४. बाहुली पाठीवर झोपवा, म्हणजे शाई खाली ओघळणार नाही. गुळगुळीत रंगावर पातळ शाई टिकत नाही, तिचे थेंब जमतात. ब्रश-पेन किंवा तेलकट शाईचा मार्कर बरा. मधोमध छोटा ठिपका देऊन बाहेर वाढवत न्या. कडेपासून सुरुवात केली की बुबुळ तिरळे होते आणि ते खोडता येत नाही.

५. पूर्ण सुकल्यावर रोज नजरेस पडेल अशा उंच जागी ठेवा.

६. काम झाले की दुसरा डोळा रंगवा. वर्ष उलटूनही झाले नाही, तरी बाहुली परत द्यायची आणि नवी आणायची. अपुरा नवस घरात साठवून ठेवायचा नाही. देवळात दारुमांचे ढीग रचून त्यांचे 'कुयो' म्हणजे निरोपाचा विधी करतात आणि दहन करतात.

तोक्योजवळच्या चोफू शहरातल्या जिंदाइजीत ३ आणि ४ मार्चला दारुमाचा बाजार भरतो. तिथे डोळा आपण नव्हे, भिक्षू रंगवतात, आणि बुबुळाऐवजी सिद्धम् लिपीतले अक्षर काढतात. डाव्या डोळ्यात 'अ', आणि इच्छा पूर्ण झाल्यावर उजव्यात 'हूं'. आरंभ आणि शेवट. ही लिपी देवनागरीची दूरची नातेवाईक, त्यामुळे मराठी माणसाने तिथे थोडे थांबून पाहावे.

मांजर आणि दाताळे

मानेकी-नेको या मांजरीचा पंजा तळवा खाली करून हलतो. जपानी माणूस 'इकडे ये' असेच म्हणतो, आपणही तसेच बोलावतो. म्हणून आपल्याला ही मांजर 'टाटा' करते आहे असे वाटायला नको. ती बोलावते आहे. उजवा पंजा पैसा बोलावतो आणि डावा माणसे. दुकानात गिऱ्हाईक हवे तर डावा. तोंड दाराकडे करून ठेवा. आइची प्रांतातल्या तोकोनामेची मांजर छातीशी सोन्याचे नाणे धरते. तोक्योतल्या सेतागाया भागातल्या गोतोकुजीची मात्र साधी पांढरी, उजवा पंजा वर, नाण्याशिवाय. मांजर संधी आणते, तिचे फळ करणे तुमच्या हाती, असे देवळाचे सांगणे. तिथे घेतलेली मांजर घरी न्या, आणि इच्छा फळली की आणून आवारातल्या शेकडो मांजरांमध्ये ठेवा.

दाताळ्याची, म्हणजे कुमादेची, गंमत औरच. नोव्हेंबरमध्ये जुन्या पंचांगाप्रमाणे दर बारा दिवसांनी येणाऱ्या कोंबड्याच्या दिवशी आसाकुसाच्या ओतोरी जिंजात बाजार भरतो. २०२६ मध्ये ७ आणि १९ नोव्हेंबरला. मध्यरात्री ढोल वाजवून तो उघडतो आणि चोवीस तास चालतो. एखाद्या वर्षी असे दिवस तीन आले तर त्या वर्षी आगी फार लागतात, अशी जुनी समजूत. बांबूच्या दाताळ्यावर नाणी, क्रौंच, देवांचे मुखवटे बांधलेले असतात, दाताळे सुदैव ओढून आणते म्हणून.

छोट्या दाताळ्यांची किंमत ठरलेली असते, तिथे घासाघीस नको. मोठ्यांना भाव विचारा, कमी करायला सांगा, आणखी थोडा कमी करायला सांगा. सौदा ठरला की आधी सांगितलेली मूळ किंमत द्या. घासाघीस करून वाचवलेले पैसे दुकानदाराला 'गोशूगी', म्हणजे खुशीची बक्षिशी, म्हणून द्यायचे असतात. मंडईतल्या गिऱ्हाइकाच्या हे पचनी पडायचे नाही, पण 'मी स्वस्तात मिळवले' हा मान गिऱ्हाइकाला आणि पैसे दुकानदाराला, अशी ती वाटणी. मग दुकानातले सगळे मिळून तालात टाळ्या वाजवतात आणि आपणही वाजवायच्या. दाताळे उंच धरून घरी न्यायचे आणि दारासमोर उंच लावायचे. पुढच्या वर्षी ते परत द्यायचे आणि थोडे मोठे आणायचे. दर वर्षी मोठे, म्हणून पहिले अगदी लहान घ्या. खऱ्या भाताच्या लोंब्या बांधलेले दाताळे भारतात आणायचे असेल तर त्या काढून ठेवा, विमानतळावर वनस्पतींच्या तपासणीत अडकायला नको.

ओळखीचे देव

सात सुदैवी देवांत एबिसु तेवढा मूळचा जपानी. बेंझाइतेन ही सरस्वती, हातात वीणेऐवजी बिवा हे जपानी तंतुवाद्य. दाइकोकुतेन हा महाकाल, पण तांदळाच्या पोत्यांवर हसत उभा, आणि त्याचा सोबती उंदीर. बिशामोनतेन म्हणजे वैश्रवण, कुबेर.

कामाकुरातल्या झेनिआराइ बेंतेन इथे पैसे धुतात. मेणबत्ती-उदबत्ती आणि वेताची छोटी टोपली घ्या, दर्शन घेऊन गुहेत जा, टोपलीत नाणी ठेवून पळीने पाणी ओता. नोटा भिजवून लगदा करू नका, कोपऱ्यावर शिंतोडा पुरतो. हे पैसे जपून ठेवायचे नाहीत, चांगल्या कामाला खर्चायचे. खर्चले की वाढून परत येतात, अशी श्रद्धा.

आणि गणपती? तो कांगितेन किंवा शोतेन नावाने आहे. आसाकुसाजवळच्या मात्सुचियामा शोदेन इथे त्याची मूर्ती कोणालाही दाखवत नाहीत. आवारभर दिसतात ती दोन चिन्हे: एकमेकांत गुंतलेले मुळे आणि पैशाची थैली. नैवेद्यही दाइकोन, म्हणजे लांब पांढरा मुळा. तो देवळातच मिळतो. क्योतोतले कामेया कियोनागा हे जुने मिठाईवाले 'कांकीदान' बनवतात. सारण भरून वरून चुण्या जुळवलेली, तिळाच्या तेलात तळलेली थैली. ती पाहिली की तळणीचा मोदक आठवल्याशिवाय राहत नाही.

दिवस, वय आणि आहेर

जपानी कॅलेंडरात तारखेखाली सहा शब्द फिरत असतात. 'ताइआन' लग्नाला उत्तम, 'बुत्सुमेत्सु' वाईट, 'तोमोबिकी' म्हणजे 'मित्राला ओढणारा', म्हणून त्या दिवशी अंत्यविधी टाळतात आणि पुष्कळ स्मशानगृहे बंद असतात. हे गणित सोपे आहे. जुन्या चांद्र पंचांगातला महिना आणि दिवस यांची बेरीज करून सहाने भागा. बाकी शून्य उरली तर ताइआन, १ शाक्को, २ सेन्शो, ३ तोमोबिकी, ४ सेनबु, ५ बुत्सुमेत्सु. तो महिना आपल्या अमान्त महिन्यासारखाच अमावास्येशी सुरू होतो.

वयाची साडेसाती म्हणजे 'याकुदोशी': पुरुषांना २५, ४२, ६१ आणि स्त्रियांना १९, ३३, ३७. हे वय जन्माला एक धरून मोजतात, म्हणून चालू सालातून जन्मसाल वजा करून एक मिळवा. १९८५ मध्ये जन्मलेल्या पुरुषाचे २०२६ हे ४२ वे वर्ष. आदले आणि नंतरचे वर्षही जपायचे. उपाय म्हणून वर्षाच्या सुरुवातीला देवस्थानात संकटनिवारणाचा विधी करून घेतात.

भेट देताना चार नग देऊ नका, 'शी' म्हणजे चार आणि मृत्यूही. 'कु' म्हणजे नऊ आणि यातनाही. आजाऱ्याला कुंडीतले रोप नेऊ नये, मूळ धरणे आणि अंथरूण धरणे यांचा उच्चार जवळचा. लग्नाच्या आहेरात दहा हजारांच्या नोटांची संख्या सम नको, दोन वाटे होतात. मित्राने ३०,००० येन देणे सर्रास चालते, आणि नोटा कोऱ्या लागतात. भातात काड्या उभ्या खोचणे हे मृताच्या नैवेद्यासारखे.

मुदत संपली आणि तुम्ही पुण्यात असाल तर

जपानला जाणारे ओळखीचे कोणी असेल तर त्यांच्या हाती ताईत परत पाठवता येतो. बरीच देवस्थाने टपालानेही जुने ताईत स्वीकारतात, पण आधी त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. दोन्ही जमत नसेल तर जपानी घरांतही करतात ती सोय अशी: हात धुवा, पांढरा कागद पसरून त्यावर ताईत ठेवा, चिमूटभर मीठ टाका, मनात आभार माना, कागद गुंडाळा आणि इतर कचऱ्यात न मिसळता वेगळा टाकून द्या. दारुमाही कागदाची असल्याने तिला हेच लागू. चिनी मातीची मांजर फुटली तर तिलाही मीठ आणि कागद. अखंड असेल तर दुसऱ्या कोणाला द्यायला हरकत नाही, फक्त पंजा कोणता ते सांगून द्या.